नाव तेच, नौका नवी

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात युद्धनौकांविषयी भाषण, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. शाळेचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जिच्यातील माणसे दर काही वर्षांनी पूर्णपणे बदलतात आणि तरीही जिचे नाव तेच राहते, अशा संस्था फार थोड्या आहेत. शाळा ही त्यांपैकी एक आणि युद्धनौका ही दुसरी. नौदलाने तर याही पुढचे पाऊल टाकले आहे. माणसेच नव्हेत, तर संपूर्ण जहाज बदलते, जुने मोडीत निघते, नवे वेगळ्या गोदीत, वेगळ्या आराखड्यावर उभे राहते आणि तरीही त्याच्या कपाळी जुनेच नाव लिहिले जाते. नाव टिकते म्हणजे नेमके काय टिकते, या प्रश्नाचे उत्तर भारतीय नौदलाच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात मिळते.

आरंभी नौकेचे बारसे कसे होते ते पाहू. गोदीत बांधणी सुरू असलेली युद्धनौका कागदोपत्री निनावीच असते. तिला केवळ एक क्रमांक असतो. सांगाडा पुरा झाला, ती तरंगण्याजोगी झाली, की तिचे जलावतरण होते. प्रथेनुसार हा मान एखाद्या स्त्रीला दिला जातो. वेदमंत्रांच्या घोषात नारळ वाढवला जातो, नाव उच्चारले जाते आणि नौका प्रथमच पाण्याला लागते. तरीही ती अद्याप नौदलाची झालेली नसते. यंत्रे, शस्त्रे, सागरी चाचण्या यांत वर्षे जातात आणि मग एके दिवशी तिच्यावर नौदलाचा ध्वज चढतो. त्या क्षणापासून तिच्या नावाआधी 'आयएनएस' ही अक्षरे लागतात.

शेवटही तितकाच विधिपूर्वक असतो. सेवानिवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला ध्वज आणि सेवेत दाखल झाल्यापासून डोलकाठीवर फडकत असलेली निमुळती पताका अखेरची उतरवली जाते. त्यानंतर जहाजाचे काय होईल ते सांगता येत नाही. काही जहाजे संग्रहालये होतात, काही सरावात लक्ष्य म्हणून बुडवली जातात, बहुतेक तोडली जातात. नाव मात्र भंगारात जात नाही. एका वेळी एका नावाची एकच नौका सेवेत असते, म्हणून ते नाव वाट पाहत राहते. कधी ही प्रतीक्षा काही महिन्यांची असते, तर कधी तीस वर्षांची.

नावांनाही एक शिस्त आहे. मोठ्या विनाशिकांना बहुधा शहरांची नावे मिळतात, फ्रिगेट वर्गातील नौकांना पर्वत, नद्या किंवा शस्त्रे यांची, तर त्यांहून लहान कॉर्व्हेटना खुकरी, कृपाण, कुठार अशी हाती धरण्याच्या हत्यारांची. पाणबुड्या सागरातील शिकारी जलचरांच्या नावाने ओळखल्या जातात. अपवाद अर्थातच आहेत. परंतु नौदलाच्या नामावलीवरून नजर फिरवली तर देशाचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. दिल्ली आणि म्हैसूर, गंगा आणि गोदावरी, निलगिरी आणि हिमगिरी, असा सारा भारत तेथे एकाच तळावर नांगरून उभा असतो.

आता पहिल्या पिढीकडे वळू. स्वतंत्र भारताचे पहिले मोठे लढाऊ जहाज म्हणजे 'दिल्ली'. ते भारतात बांधलेले नव्हते आणि नवेही नव्हते. 'अकिलीस' या नावाने ते ब्रिटनमध्ये बांधले गेले होते आणि डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी ते झुंजले होते. त्या वेळी त्यावरील अनेक नाविक न्यूझीलंडचे होते. ५ जुलै १९४८ रोजी हे क्रूझर भारताच्या नौदलात आले आणि 'दिल्ली' झाले. तिच्यावर कार्यकारी अधिकारी म्हणून रामदास कटारी होते. पुढे १९५८ मध्ये नौदलप्रमुख होणारे ते पहिले भारतीय ठरले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याच्या कारवाईत या 'दिल्ली'ने दीवच्या समुद्रात कामगिरी बजावली.

म्हैसूरची कथाही तशीच आहे. ब्रिटनचे 'नायजेरिया' हे क्रूझर १९५७ मध्ये 'म्हैसूर' होऊन आले आणि १९६१ च्या त्याच कारवाईत कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर उतरलेल्या नाविकांच्या पाठीशी उभे राहिले. स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या काळात सुरी आपली आणि पाते उसने, अशी स्थिती होती. देशापाशी नावे विपुल होती. ती ज्यांच्यावर लिहायची, ती जहाजे बांधण्याचे बळ अद्याप यायचे होते. नाव आधी आले आणि सामर्थ्य मागाहून आले, हे भारतीय नौदलाच्या पहिल्या पिढीचे सार आहे. मोठे नाव उसन्या जहाजाला देणे हा एका अर्थी पोकळ डौल ठरू शकला असता. तो तसा ठरला नाही, कारण त्या नावामागे एक वचन होते आणि ते पुढच्या पिढीने पाळले.

पहिली 'दिल्ली' ३० जून १९७८ रोजी निवृत्त झाली. तोडण्यापूर्वी तिच्यावरील तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडमधील डेव्हनपोर्ट येथील नौदल तळावर तो आजही जपून ठेवलेला आहे. जहाजाला आपण दिलेले नाव आपल्यापाशी ठेवावे आणि त्याच्या पूर्वायुष्याचा वाटा ज्याचा त्याला परत द्यावा, या वर्तनात मोठे सौजन्य आहे. दुसरी 'दिल्ली' १५ नोव्हेंबर १९९७ रोजी सेवेत आली. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि त्या वेळेपर्यंत भारतात बांधलेली ती सर्वांत मोठी युद्धनौका होती. पाठोपाठ १९९९ मध्ये त्याच गोदीतून दुसरी 'म्हैसूर' आली. पाते आता आपले झाले होते.

महाराष्ट्रात उगम पावणाऱ्या गोदावरीचे नाव तर नौदलात तीन वेळा लिहिले गेले आहे. पहिली 'गोदावरी' ही दुसऱ्या महायुद्धातील, रॉयल इंडियन नेव्हीची नौका. १९४७ मध्ये देशाबरोबर नौदलाचीही वाटणी झाली आणि ही नौका पाकिस्तानच्या वाट्याला जाऊन 'सिंध' झाली. जहाज गेले, नाव राहिले. १९५३ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या एका विनाशिकेला ते देण्यात आले. तिसरी 'गोदावरी' १० डिसेंबर १९८३ रोजी सेवेत दाखल झाली. तिचा आराखडा भारतीय अभियंत्यांनी तयार केला होता आणि बांधणी माझगाव गोदीत झाली होती. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील, एकमेकांशी न जुळणारी शस्त्रे व यंत्रणा एकाच जहाजात नांदवण्याचे अवघड काम या अभियंत्यांनी केले. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. एकाच नावाच्या या तीन नौकांच्या चरित्रात परतंत्र देश, नुकताच स्वतंत्र झालेला देश आणि आपल्या पायांवर उभा राहणारा देश, अशी तीनही पर्वे क्रमाने दिसतात.

या साऱ्या नावांत सर्वसामान्य माणसाच्या ओठी सर्वाधिक असलेले नाव 'विक्रांत' हेच. तिची बांधणी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 'हर्क्युलीस' या नावाने सुरू झाली. सप्टेंबर १९४५ मध्ये जलावतरण झाले, परंतु तोवर युद्ध संपले होते. अर्धवट स्थितीतील हे जहाज वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी, ब्रिटनमधील भारताच्या तत्कालीन उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते 'विक्रांत' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी मे महिन्यात तरुण अधिकारी राधाकृष्ण ताहिलियानी यांनी तिच्या धावपट्टीवर विमान उतरवले. तसे करणारे ते पहिले भारतीय वैमानिक. कालांतराने तेही नौदलप्रमुख झाले.

१९७१ चे युद्ध उभे ठाकले तेव्हा विक्रांतची प्रकृती धड नव्हती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि त्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला होता. विमानवाहू नौकेला वेग हवा असतो, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या बळावरच तिची विमाने झेप घेतात. अशा अवस्थेत तिला युद्धात उतरवावे की नाही, हा साधा प्रश्न नव्हता. तरीही ती बंगालच्या उपसागरात उतरली. कप्तान स्वराज प्रकाश तिचे नेतृत्व करीत होते. ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव व अन्य ठिकाणी हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद केला. उसन्या सांगाड्याचे, तडा गेलेल्या बॉयलरचे ते जहाज आपल्या नावाला जागले.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबई बंदरात तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. असंख्य शाळांच्या सहली तेथे गेल्या आणि कदाचित या सभागृहातील काही जणांनीही तिच्या डेकवर पाऊल ठेवले असेल. जुन्या सांगाड्याची देखभाल दिवसेंदिवस कठीण होत गेली. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले, लिलाव झाला, तिला वाचवण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले गेले, परंतु उपयोग झाला नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईतच तिचे तुकडे होऊ लागले. तिच्या धातूतून मुंबईत एक स्मारक उभे राहिले. बजाज कंपनीने त्याच धातूचा काही अंश वापरून एक मोटारसायकलही बनवली. अनेकांना याचे दुःख झाले आणि ते योग्यच होते. ज्या जहाजाने इतिहास घडवला त्याला जागा देता आली नाही, ही खंत नावाच्या पुनर्जन्माने पुसली जात नाही. नाव टिकवणे आणि वस्तू जपणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिले पार पाडले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

मात्र त्याच काळात कोचीच्या गोदीत काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथे नव्या विमानवाहू नौकेचा कणा घातला गेला होता आणि १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिचे जलावतरण होऊन तिला 'विक्रांत' हेच नाव मिळाले होते. हे काम सोपे नव्हते. अशा जहाजाला लागणारे विशेष पोलाद परदेशातून वेळेवर मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळा आणि भारतीय पोलाद प्राधिकरण यांनी मिळून ते देशातच विकसित केले. भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील भट्ट्यांतून ते पोलाद कोचीला गेले. समुद्र ज्यांनी आयुष्यात पाहिला नसेल अशा कामगारांच्या हातचे लोखंड आज सागरावर तरंगते आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी दुसरी विक्रांत नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ४३,००० टन, आत जवळजवळ २,२०० कप्पे आणि सुमारे १,६०० माणसांच्या वास्तव्याची सोय. त्यांत स्त्री अधिकारी आणि नाविक यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे, जी पहिल्या विक्रांतवर कोणाच्या कल्पनेतही नसावी. आकाराने ती जुन्या विक्रांतच्या दुपटीहून मोठी आहे. पहिले कप्तानपद कमोडोर विद्याधर हरके यांच्याकडे आले. आर-११ हा जुना क्रमांक तिला मिळाला, ऋग्वेदातून घेतलेले जुने बोधवाक्य तिला मिळाले आणि जुन्या विक्रांतची जपून ठेवलेली घंटाही तिच्याकडे सुपूर्द झाली. पत्र्याचा एक तुकडाही समान नाही, पण घंटा तीच. शाळेत आयुष्य काढलेल्या मंडळींना त्या घंटेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणबुड्यांची परंपरा तर याहूनही नेटकी आहे. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी, त्या वेळी सोव्हिएत संघात असलेल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. तो दिवस आजही नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. १९९६ मध्ये ती निवृत्त झाली आणि हे नाव एकवीस वर्षे थांबून राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत, फ्रेंच आराखड्यावर माझगाव गोदीने बांधलेली नवी 'कलवरी' सेवेत आली. तिच्या मागोमाग खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वागशीर अशा पाच भगिनी आल्या. सहाही नावे पूर्वीच्या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्यांची. यांतील 'खांदेरी' हे नाव ऐकताच मराठी माणसाला अलिबागजवळच्या समुद्रातील तो जलदुर्ग आठवतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर तटबंदी उभारण्यास घेतली, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही ती होऊ नये म्हणून शिकस्त केली. दुर्ग तरीही उभा राहिला. पहिली 'खांदेरी' १९८९ मध्ये निवृत्त झाली होती, दुसरी २०१९ मध्ये आली.

१० मार्च २०२१ रोजी नवी 'करंज' नौदलात दाखल झाली, त्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून ॲडमिरल विजयसिंह शेखावत उपस्थित होते. ते माजी नौदलप्रमुख, परंतु त्या दिवशीची त्यांची खरी ओळख निराळी होती. जुन्या करंजचे पहिले नाविकदल जमले त्यात ते होते आणि १९७१ च्या युद्धात तिचे नेतृत्वही त्यांनीच केले होते. जुन्या पिढीतील माणसाने नव्या नौकेच्या समारंभाला अशी हजेरी लावण्यात नावाच्या साखळीचे सारे मर्म आहे. 'आमच्या वेळची करंज काही औरच होती' एवढे म्हणून घरी बसणे सोपे असते. नव्या करंजवर येऊन तरुण नाविकांच्या खांद्यावर हात ठेवणे याला मन मोठे लागते.

येथवरच्या नावांमागे विजय होता, निदान सुखरूप निवृत्ती होती. परंतु जे नाव अपघाताने किंवा युद्धात बुडाले, त्याचे काय करायचे? आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. आजी मग त्याला त्या नावाने हाक मारत नाही, बाळ किंवा बंडू म्हणते, पण नाव घरात राहते. जो अकाली गेला त्याचे नाव ठेवताना मात्र घरची माणसे थबकतात. समुद्रावरची माणसे तर शकुन-अपशकुन जमिनीवरच्या माणसांहून अधिक मानणारी. नौदलापुढे हा प्रश्न 'खुकरी'च्या रूपाने आला.

पहिली 'खुकरी' ब्रिटनमध्ये बांधलेली आणि १९५८ मध्ये दाखल झालेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ती 'कृपाण' या आपल्या जोडीदार नौकेसह दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर शत्रूच्या पाणबुडीचा शोध घेत होती. पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने डागलेला पाणतीर तिच्यावर आदळला आणि काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक, असे १९४ जण तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी शक्य तितक्यांना बाहेर पडण्यास लावले आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. शत्रूच्या हल्ल्यात गमावलेली स्वतंत्र भारताची ती एकमेव युद्धनौका होय.

असे नाव आदराने स्मारकावर कोरून ठेवावे आणि पुन्हा कोणत्याही जहाजाला देऊ नये, असा निर्णय झाला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. नौदलाने तसे केले नाही. २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत दुसरी 'खुकरी' दाखल झाली. देशात बांधलेल्या क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेटच्या मालिकेतील ती पहिली. त्या समारंभाला कप्तान मुल्ला यांच्या पत्नी उपस्थित होत्या. अठरा वर्षांपूर्वी ज्या नावाने त्यांच्या घरात अंधार आणला, तेच नाव नव्या जहाजावर उजळताना पाहणे त्यांना किती कठीण गेले असेल, याची कल्पना आपण केवळ करू शकतो. त्यांची ती उपस्थिती हाच त्या नामकरणाचा खरा आशीर्वाद होता.

त्या दिवसापासून त्या नौकेवर रुजू होणाऱ्या प्रत्येक तरुणाला आपण कोणाच्या जागेवर उभे आहोत हे ठाऊक होते. दुसऱ्या खुकरीने बत्तीस वर्षे सेवा केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणम येथे तिचा ध्वज उतरला. तिला भंगारात न काढता जानेवारी २०२२ मध्ये दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आले. दीवमध्ये समुद्राकडे तोंड करून पहिल्या खुकरीचे स्मारक आहे. त्यात काचेआड तिची प्रतिकृती ठेवलेली आहे. ज्या सागरात पहिली बुडाली, त्याच सागराच्या काठी दुसरी कायमची येऊन थांबली. बुडालेल्या नावाला सुखरूप किनाऱ्यावर आणण्याचे काम तिने केले.

या साऱ्या कथांचा अर्थ काढताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नावाला स्वतःची शक्ती नसते. केवळ 'विक्रांत' लिहिल्याने पत्रा भक्कम होत नाही आणि 'त्रिशूल' म्हटल्याने नेम बसत नाही. दुसऱ्या पिढीतील 'तलवार' आणि 'त्रिशूल' या नौका २००३ मध्ये दाखल झाल्या, त्या रशियात बांधलेल्या होत्या, म्हणजे स्वावलंबनाची वाट सरळ रेषेत गेली असेही नाही. पहिली 'निलगिरी' ३ जून १९७२ रोजी ब्रिटिश आराखड्यावर माझगाव गोदीत तयार झाली, तर दुसरी 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी भारतीय आराखड्यावर त्याच गोदीतून आली. या दोन दिवसांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे कष्ट आहेत. नाव एका क्षणात देता येते, परंतु त्याला पात्र होण्यास पिढी खर्ची पडते. म्हणून जुने नाव मिळणे हा नव्या नौकेचा सन्मान असला तरी त्याहून अधिक ते तिच्यावरील ऋण आहे. पूर्वजांनी केले ते आपल्या खात्यावर आयते जमा होत नाही. ते आपल्याला फेडायचे असते.

आता शाळेकडे परत येऊ. महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात मराठी शाळा काढणाऱ्या पिढीचीही स्थिती नौदलाच्या त्या पहिल्या पिढीसारखीच असते. जागा उसनी, बाके उसनी, कधी शिक्षकही उसने, आणि नाव मात्र भारदस्त. त्या नावात एक वचन असते, की ही भाषा येथे नोकरीसाठी आलेल्यांच्या घरांपुरती उरणार नाही, तिच्यातून येथील मुले शिकतील. इमारती मागाहून येतात, प्रयोगशाळा मागाहून येतात, निकाल मागाहून येतात.

हीरक महोत्सवात अशा शाळेची घंटा वाजते तेव्हा आवारात पहिल्या दिवसाचे काहीच उरलेले नसते. पहिले शिक्षक नाहीत, पहिली कौले नाहीत, पहिल्या वर्गातील मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. उरते ते नाव आणि त्याबरोबर येणारी अपेक्षा. परप्रांतातील मराठी शाळांपुढे आज विद्यार्थी कमी होण्याचा प्रश्न उभा आहे, हे येथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्मरणिका, सत्कार आणि छायाचित्रांचे प्रदर्शन यांनी त्याचे उत्तर मिळत नाही. हे सारे काचेआडच्या प्रतिकृतीसारखे आहे. ते आवश्यक आहे, आदरणीय आहे, पण ते तरंगत नाही. युद्धनौकेचे नाव स्मारकावर असते तेव्हा ते सुरक्षित असते, परंतु ते जिवंत होते केवळ नवे नाविक त्या नावाखाली रुजू झाल्यावर.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून या शाळेची अपेक्षा साधी आहे. त्यांनी आपल्या वेळच्या शाळेच्या आठवणी अवश्य सांगाव्यात, परंतु नव्या शाळेत येऊन सांगाव्यात. आजची शाळा वेगळी आहे. येथे संगणक आहेत, मुलांच्या बोलण्यात चार भाषांचे शब्द आहेत, काही घरांत मराठी केवळ आजीशीच बोलली जाते. तरीही ती तीच शाळा आहे, जशी कोचीची विक्रांत ही तीच विक्रांत आहे. तिचा वेग वाढला, तिच्यावर मुली आल्या, तिचे पोलाद बदलले, म्हणून ती परकी झाली नाही. आणि पालकांनी आपली मुले येथे धाडताना एवढे लक्षात ठेवावे, की ती केवळ एका वर्गात प्रवेश घेत नाहीत. एका नावाच्या पुढच्या नाविकदलात ती दाखल होत आहेत.

ज्या दिवशी एखादी नौका निवृत्त होते, त्या सायंकाळी ध्वज उतरवणाऱ्या नाविकांना ते नाव पुन्हा कधी, कोणत्या जहाजावर लिहिले जाईल हे माहीत नसते. तरीही ध्वजाची घडी ते नीट घालतात, कारण तो पुढच्या हातांत द्यायचा असतो.

जय हिंद.